ट्रोजन काढला तरी रीस्टार्टनंतर परत येतो. फॉरमॅटच करायचं का?

इतवारी_खातेवही
नागपूरच्या इतवारीतल्या ठोक किराणा दुकानाचा हिशोबाचा पीसी आहे. विंडोज ११, टॅली प्राइम, जीएसटीचं काम, डीएससी (डिजिटल सही) टोकन दिवसभर लावलेलंच. विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर रोज सकाळी 'ट्रोजन:विन३२/वाकाटाक.बी!एमएल' सापडल्याचं सांगतो. रिमूव्ह दाबलं की हिरवी खूण येते, मशीन बंद-चालू केली की पुन्हा तेच. शिवाय पंखा जोरात फिरून राहिला, आणि टास्क मॅनेजर उघडला की लगेच शांत. बर्डीवरच्या दुकानात दाखवलं तर थेट फॉरमॅट म्हणाले. काढता येतो का, की फॉरमॅटच करायचं?

झिरोमाईल
भाऊ, आधी नेटची केबल काढा, वायफाय बंद करा आणि ते टोकन उपसून खिशात ठेवा. बाकी चर्चा त्यानंतर.

आता नाव वाचू. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत पहिला शब्द प्रकार (इथे ट्रोजन, म्हणजे कामाच्या प्रोग्रामचं सोंग घेऊन आलेला घातक प्रोग्राम), मग प्लॅटफॉर्म, तिरप्या रेघेनंतर कुटुंब, टिंबानंतर उपप्रकार. शेवटी '!एमएल' असेल तर तो शिक्का मशीन लर्निंगने मारलेला आहे, म्हणजे फाइल ओळखीची नाही, वागणं किंवा बांधणी संशयास्पद वाटली. त्यामुळे वाकाटाक!एमएल हा कधी खरा चोर असतो, तर कधी कुणीतरी घरी बनवलेलं सही नसलेलं बिचारं बिलिंग सॉफ्टवेअर. नावावरून निकाल देऊ नका. फाइल कुठे बसली आहे ते बघा.

विंडोज सिक्युरिटी → प्रोटेक्शन हिस्टरी → त्या नोंदीवर क्लिक → 'अफेक्टेड आयटम्स'. तिथला पूर्ण पत्ता इथे टाका. वेळही बघा. वेळ जुनीच दिसत असेल तर ट्रोजन परत येत नाहीये, डिफेंडर जुनी नोंद पुन्हा दाखवतोय. असं बऱ्याचदा होतं. वेळ रोज नवी असेल तर कुणीतरी फाइल पुन्हा आणून ठेवतंय.

पक्कं करायला इव्हेंट व्ह्यूअर उघडा: अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → विंडोज डिफेंडर → ऑपरेशनल. १११६ म्हणजे सापडलं, १११७ म्हणजे कारवाई केली, ५००१ म्हणजे रिअल-टाइम संरक्षण बंद झालं, ५००७ म्हणजे सेटिंग बदलली. ५००७ च्या मजकुरात 'एक्सक्लुजन्स' (तपासणीतून वगळलेल्या जागा) दिसलं आणि ते तुम्ही टाकलेलं नसेल, तर खरा पाहुणा घरात आहे असं समजा.

इतवारी_खातेवही
वेळ रोज नवी आहे, मशीन सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी. पत्ता: युजर्स → आमचं खातं → अ‍ॅपडेटा → रोमिंग, त्यात आठ अक्षरांचं अगम्य नाव असलेला फोल्डर आणि आत 'एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई'. ५००७ पण आहे. एक्सक्लुजनमध्ये अख्खा प्रोग्रामडेटा फोल्डर टाकलेला दिसतोय. एसव्हीसीहोस्ट तर विंडोजचंच असतं ना?

झिरोमाईल
नाव विंडोजचं, पत्ता नाही. खरं एसव्हीसीहोस्ट विंडोज → सिस्टम३२ मधूनच चालतं (३२ बिटची प्रत सिसवॉव६४ मध्ये असते) आणि त्याला सुरू करणारी प्रोसेस सर्व्हिसेस.ईएक्सई असते. रोमिंगमध्ये बसलेलं एसव्हीसीहोस्ट म्हणजे पोलिसाचा गणवेश घातलेला चोर. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये कॉलमच्या मथळ्यावर उजवं क्लिक करून 'इमेज पाथ नेम' आणि 'कमांड लाइन' हे दोन कॉलम चालू करा. मालवेअर शोधायला टास्क मॅनेजरमध्ये याहून कामाचं काही नाही.

आणि प्रोग्रामडेटा एक्सक्लुजनमध्ये आहे म्हणजे डिफेंडर पिल्लू पकडतोय, आई त्याला दिसतच नाही. रोज परत येण्याचं कारण तिथेच आहे.

संत्रा_टर्मिनल
झिरोमाईल यांनी दिशा बरोबर दिली आहे. आता त्याचं मूळ कसं शोधायचं ते सविस्तर लिहितो, कारण 'स्कॅन मारा' एवढ्यावर बहुतेक जण थांबतात आणि मग तोच धागा महिन्याने परत वर येतो.

ट्रोजन स्वतःहून पसरत नाही, कुणीतरी एकदा क्लिक केलेलं असतं. पण मशीन बंद-चालू झाल्यावर त्याला पुन्हा उठवणारं काहीतरी विंडोजमध्ये लिहून ठेवावंच लागतं. ते सापडलं नाही तर फाइल शंभर वेळा उडवली तरी उपयोग नाही. या जागा एकत्र बघण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं 'ऑटोरन्स' घ्या. दुसऱ्या मशीनवर उतरवा, पेन ड्राइव्हने आणा, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने चालवा.

ऑप्शन्स → स्कॅन ऑप्शन्समध्ये 'व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स' चालू करा. मग ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज'. गुलाबी ओळ म्हणजे सही नाही किंवा पडताळता आली नाही, पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. गुलाबी दिसली की घाबरून उडवू नका. स्वस्तातल्या प्रिंटरचे ड्रायव्हर आणि गावठी बिलिंग सॉफ्टवेअरही गुलाबीच दिसतात.

पहिली फेरी झाली की 'हाइड मायक्रोसॉफ्ट' काढा आणि पुन्हा वाचा. अनेक जण इथेच चुकतात. हल्लीचा ट्रोजन स्वतःची ईएक्सई नोंदवेलच असं नाही. तो डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए, पॉवरशेल किंवा रनडीएलएल३२ नोंदवतो आणि खरा माल पुढच्या पॅरामीटरमध्ये देतो. हे चारही मायक्रोसॉफ्टचेच, सहीचे, म्हणून चाळणीतून निसटू शकतात. त्यामुळे फक्त प्रोग्रामचं नाव वाचू नका, पूर्ण कमांड वाचा. पॉवरशेलपुढे 'एन्कोडेडकमांड' किंवा नुसतं 'एन्क' आणि त्यानंतर न वाचता येणारी लांबलचक अक्षरं दिसली तर संशय घ्यायला तेवढं पुरे.

कुठे बघायचं:
- लॉगऑन टॅब: रजिस्ट्रीच्या रन आणि रनवन्स नोंदी, शिवाय स्टार्टअप फोल्डर.
- शेड्यूल्ड टास्क्स: माझा पहिला संशय इथे. सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी जाग येते म्हणजे विलंब दिलेला टास्क असावा.
- सर्व्हिसेस: सिस्टम लॉगमध्ये इव्हेंट ७०४५ बघा, नवी सर्व्हिस बसली की ती नोंद पडते. तारीख जुळवा.
- विनलॉगॉन: 'शेल'मध्ये फक्त एक्सप्लोरर.ईएक्सई हवं. 'युजरइनिट'मध्ये सिस्टम३२ मधल्या युजरइनिट.ईएक्सईचा पत्ता आणि शेवटी एक स्वल्पविराम. त्या स्वल्पविरामानंतर आणखी काही असेल तर तो घुसखोर. स्वल्पविराम मात्र राहू द्या.
- डब्ल्यूएमआय (विंडोजची अंतर्गत व्यवस्थापन यंत्रणा) टॅब: घरच्या मशीनवर तो साधारणपणे रिकामा असतो.

नोंद सापडली की डिलीट करू नका, चौकटीतली खूण काढा. चुकलंच तर परत लावता येते.

पंख्याचं: टास्क मॅनेजर उघडताच शांत होणारा मायनर (तुमचा सीपीयू वापरून गुपचूप क्रिप्टो चलन कमावणारा प्रोग्राम) उघड्या प्रोसेसचं नाव बघून थांबतो. सिसइंटर्नल्सचंच 'प्रोसेस एक्सप्लोरर' घ्या, त्याच्या ईएक्सईचं नाव 'हिशोब.ईएक्सई' वगैरे करा आणि मग चालवा. बहुतेक फसतात.

तर्री_पोहे
पंख्याबद्दल एक पुरवणी. मे महिन्यात नागपुरात ४५ अंशात लॅपटॉपचा पंखा असाही विमानासारखा वाजतो, त्यावरून मायनर ठरवू नका. काहीच उघडं नसताना सीपीयू ७०-८० टक्क्यांवर असेल तर शंका घ्या. टक्केवारी ५ च्या आत असून पंखा फिरत असेल तर धूळ साफ करा.

अंबाझरी_काठ
मी फॉरमॅटवाल्यांच्या बाजूने. ज्या मशीनवर अ‍ॅडमिन हक्काने अनोळखी कोड चालला, ती 'साफ झाली' हे सिद्ध करताच येत नाही. डिफेंडरमध्ये एक्सक्लुजन टाकायला अ‍ॅडमिन हक्क लागतात. म्हणजे त्याच्या हातात ते होते. मग त्याने काय काय करून ठेवलं याची यादी तुम्हाला कोण देणार?

संत्रा_टर्मिनल
तत्त्वतः मान्य, पण सरसकट नाही. ब्राउझरमध्ये शोध बदलणारं एक्स्टेंशन किंवा कुठल्याशा मोफत पीडीएफ कन्व्हर्टरसोबत आलेलं जाहिरातीचं पाखरू असेल तर फॉरमॅट म्हणजे उगाच दिवस वाया. पासवर्ड चोर, दूरून मशीन चालवणारा रॅट किंवा अ‍ॅडमिन हक्क मिळवलेलं काहीही असेल तर अंबाझरी म्हणतात तेच खरं. इथे डीएससी आणि बँक दोन्ही आहेत, म्हणून शेवटी नवं विंडोजच टाकायचं. पण आंधळेपणाने आधी नाही. तो कुठून आला हे कळल्याशिवाय फॉरमॅट केलं तर तीच सेटअप फाइल डी ड्राइव्हवरून पुन्हा चालवाल.

इतवारी_खातेवही
सापडलं बाप्पा! शेड्यूल्ड टास्कमध्ये एका ब्राउझरच्या अपडेटसारखं नाव आहे, पण तो ब्राउझर मशीनवर नाहीच. कमांड: डब्ल्यूस्क्रिप्ट, पुढे प्रोग्रामडेटामधल्या एका व्हीबीएस स्क्रिप्ट फाइलचा पत्ता. लॉगऑननंतर २ मिनिटांचा विलंब. फाइलची तारीख पाहिली तर त्याच दिवशी डाउनलोड्समध्ये मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा 'क्रॅक' (लायसन्स न घेता चालवायची चोरटी प्रत) उतरवलेला आहे, पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये. मुलाने टाकलं म्हणतो. आता?

झिरोमाईल
झिपला पासवर्ड का, हेही समजून घ्या. ब्राउझरला आणि अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून. पासवर्ड पानावरच ठळक लिहिलेला असतो, '१२३४' सारखा. वर 'अँटिव्हायरस बंद करून चालवा' अशी सूचना. चोराने दार उघडायला सांगावं आणि आपण कडी काढावी, असला कारभार. विंडोज-ऑफिस अ‍ॅक्टिव्हेट करणाऱ्या केएमएसवाल्या टूल्सचंही तेच.

क्रम असा ठेवा, नेट बंदच असू द्या:

१. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये खोटं एसव्हीसीहोस्ट आणि त्याचा जोडीदार शोधा. दोन प्रोसेस एकमेकींवर पहारा देत असतील तर एक मारली की दुसरी तिला उठवते. म्हणून आधी दोन्हींवर 'सस्पेंड', मग दोन्ही 'किल'.

२. ऑटोरन्समध्ये त्या टास्कची खूण काढा. एफ५ दाबून यादी ताजी करा. खूण आपोआप परत लागली असेल तर अजून कोणीतरी जागं आहे, पायरी १ वर परत या.

३. विंडोज सिक्युरिटी → व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन → मॅनेज सेटिंग्ज → एक्सक्लुजन्स. अनोळखी सगळी काढा. तिथेच 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू आहे का बघा.

४. डिफेंडरच्या व्याख्या (व्हायरस ओळखण्याच्या याद्या) ताज्या करा. नेट लावायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'एमपीएएम-एफई.ईएक्सई' ही ६४ बिटची फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवून आणा.

५. स्कॅन ऑप्शन्स → मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन. मशीन बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच्या वातावरणात तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. तिथे ट्रोजन चालूच नसतो, त्यामुळे लपू शकत नाही. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएसवर ठेवा.

६. दुसरं मत म्हणून 'मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर'. उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, कारण व्याख्या आतच भरलेल्या असतात. पेन ड्राइव्हमध्ये जुना पडला असेल तर नवा घ्या. स्कॅन चालू असताना पडद्यावर 'इन्फेक्टेड फाइल्स'चा आकडा वाढताना दिसतो, त्याने घाबरू नका. खरा निकाल विंडोज → डीबग फोल्डरमधल्या एमएसईआरटी.लॉगमध्ये असतो.

दोन पूर्ण अँटिव्हायरस एकत्र बसवू नका. दोन्ही एकाच फाइलवर एकाच वेळी झडप घालतात आणि मशीन रांगते. एकदाच चालवायचा स्कॅनर चालतो.

रामटेक_लिनक्स
फाइल व्हायरसटोटलवर (अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून फाइल तपासून देणारी साइट) चढवण्याआधी थांबा. तिथे चढवलेली फाइल त्यांच्या सशुल्क सदस्यांना उतरवता येते. ट्रोजनचं सोडा, पण संशयाने एखादी एक्सेल शीट चढवली तर गिऱ्हाइकांची यादी बाहेर. आधी फक्त फाइलचा ठसा (हॅश) काढा: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल -हॅशफाइल', फाइलचा पत्ता आणि शेवटी 'एसएचए२५६'. ६४ अक्षरांचा ठसा मिळेल, तो साइटच्या शोधात टाका. सुमारे ७० इंजिनांपैकी दोघा-तिघा अनोळखींनीच लाल दाखवलं तर बहुधा खोटी हाकाटी. नावाजलेली बरीच एकमताने लाल असतील तर प्रश्न मिटला.

अंबाझरी_काठ
काढण्याबद्दल सगळे लिहिताहेत, चोरीला गेलेल्याचं काय? खातेवही भाऊ, हे पुसण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. क्रॅकसोबत येणारे बरेच ट्रोजन पासवर्ड चोर असतात. चालल्याबरोबर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलून पाठवतात, तेही काही मिनिटांत. नंतर मशीन काचेसारखी स्वच्छ केली तरी गेलेलं गेलंच.

कुकी गेली म्हणजे चालू लॉगिन गेलं. चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, प्रत्येक खात्यात 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' करायचं. हे सगळं दुसऱ्या स्वच्छ फोनवरून किंवा पीसीवरून. बाधित मशीनवर बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तो चोराच्या हातातच देणं.

क्रम: आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचा रीसेट तिथे येतो. जीमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. बँकेचे मेल गुपचूप दुसरीकडे वळवणारा नियम पासवर्ड बदलल्यावरही तसाच राहतो. मग बँक, जीएसटी पोर्टल, इन्कम टॅक्स. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून अनोळखी असेल ते काढा.

डीएससीचं: खाजगी चावी टोकनच्या बाहेर येत नाही, तेवढा दिलासा. पण टोकन लावलेलं असताना रॅट मशीन चालवत असेल आणि तुम्ही टाइप केलेला पिन त्याने टिपला असेल, तर तो तुमच्याच मशीनवर बसून सही करू शकतो. स्वच्छ मशीनवर पिन बदला. गेल्या काही दिवसांत पोर्टलवर काय काय सही झालं ते तुमच्या सीएंना बघायला सांगा.

खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. आणि मग फॉरमॅट बिलकुल नाही, पुरावा जातो. ती डिस्क काढून ठेवा, नवी एसएसडी टाकून काम सुरू करा.

इतवारी_खातेवही
बँकेतलं सगळं तपासलं, काही गेलेलं नाही. पासवर्ड फोनवरून बदलून झाले. आता विंडोज नवं टाकतो. टॅलीचा डेटा कसा वाचवायचा? 'रीसेट धिस पीसी' चालेल का?

संत्रा_टर्मिनल
रीसेट चालेल, पण 'कीप माय फाइल्स' नको. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घ्या आणि 'क्लाउड डाउनलोड' निवडा. त्याला साधारण ४ जीबी डेटा लागतो. 'लोकल रीइन्स्टॉल' त्याच मशीनवरच्या फाइल्समधून विंडोज उभारतो, अशा वेळी मला तो पटत नाही. माझी पसंती मात्र पेन ड्राइव्हलाच: दुसऱ्या मशीनवर मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा (त्यातलं सगळं पुसलं जाईल), त्यावरून बूट करा, 'कस्टम' निवडा, त्या डिस्कवरचे सगळे पार्टिशन डिलीट करून रिकाम्या जागेवर बसवा. डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर असेल तर तोही जातो, हे आधी डोक्यात असू द्या.

टॅलीत एफ१ → सेटिंग्जमधून डेटाचा पत्ता बघा. नेहमीची जागा युजर्स → पब्लिक → टॅलीप्राइम → डेटा. आत १०००० सारखे आकडी नावांचे फोल्डर, प्रत्येक फोल्डर म्हणजे एक कंपनी. टॅली बंद करून अख्खा डेटा फोल्डर उचला. उचलला म्हणजे झालं असं नाही, दुसऱ्या मशीनवर कंपनी उघडून शेवटची व्हाउचर दिसताहेत का बघा. फॉरमॅटची वेळ त्यानंतरची.

बाकी फक्त कागदपत्रं, फोटो, पीडीएफ. ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस, बॅट, एलएनके यातलं काहीही नको, कितीही जिवाभावाचं सेटअप असलं तरी. सेटअप मूळ साइटवरून पुन्हा मिळतो. निवडण्याआधी फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू → शो → 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' चालू करा, नाहीतर 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' तुम्हाला पीडीएफच दिसेल, चिन्हासकट.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. लिनक्सवरून डेटा काढायचा असेल तरी लागेल.

रामटेक_लिनक्स
नवं विंडोज टाकल्यावर लगेच ब्राउझर सिंक करू नका. खराब एक्स्टेंशन सिंकमधून तसंच परत येतं आणि लोक म्हणतात 'फॉरमॅट करूनही गेला नाही'. आधी फोनवरच्या स्वच्छ लॉगिनमधून सिंकचा डेटा पुसा, मग जोडा.

तर्री_पोहे
आणि पेन ड्राइव्हचं काय? दुकानातला पेन ड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडे जातो-येतो, त्यात सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन राहिले म्हणे.

झिरोमाईल
तो वेगळा किडा. तो मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. क्लिक केलं की फोल्डरही उघडतो, किडाही चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. डबल क्लिक न करता: ड्राइव्ह जी असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एट्रिब -एच -आर -एस /एस /डी जी:\*.*'. मूळ फोल्डर दिसायला लागतील. कधी कधी सगळं सामान बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सापडतं, ते उघडून बघा. कागदपत्रं काढा, शॉर्टकट आणि व्हीबीएस सोडून द्या, ड्राइव्ह फॉरमॅट करा. छपाईला शक्यतो पीडीएफ मेल करून पाठवा, पेन ड्राइव्ह घरीच.

नव्या विंडोजवर दोन खाती करा: एक अ‍ॅडमिन, ज्याचा पासवर्ड दुकानात एकालाच माहीत, आणि रोजच्या टॅली-जीएसटीसाठी साधं 'स्टँडर्ड' खातं. मुलाने पुन्हा टायपिंगचा क्रॅक चालवला आणि त्याने अ‍ॅडमिन हक्क मागितले तर पासवर्डची खिडकी उघडेल आणि तिथेच अडेल; हक्क न मागणारा ट्रोजन मात्र साध्या खात्यातही चालू शकतो. मराठी टायपिंगला क्रॅकची गरजही नाही: सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज → मराठी जोडा, त्यात फोनेटिक कीबोर्डही मिळतो. फुकट आहे.

इतवारी_खातेवही
टॅलीचा डेटा पुतण्याच्या लॅपटॉपवर उघडून पाहिला, शेवटचं व्हाउचर दिसतंय. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा पेन ड्राइव्हवरून टाकतो. एक राहिलं: प्रिंटरच्या ड्रायव्हरची सीडी जुनी आहे, ती चालेल?

संत्रा_टर्मिनल
सीडी कपाटातच राहू द्या. मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर घ्या. शोधात पहिल्या येणाऱ्या 'ड्रायव्हर अपडेटर'च्या जाहिरातीवर क्लिक करू नका.